ट्रेलरमध्ये चार माणसांच्या सामानाचं वजन किती धरायचं?

नाशिककर_डॅलस
नमस्कार मंडळी, आम्ही डॅलसला असतो, मी, नवरा आणि दोन मुलं (११ आणि ७). २६ फुटी बंकहाउस ट्रेलर (ट्रकमागे ओढायचा, मुलांसाठी एकावर एक बिछाने असलेला कॅम्पिंगचा) जवळजवळ ठरलाय. स्टिकरवर ड्राय वेट (रिकाम्या ट्रेलरचं वजन) ५,४५० पौंड आणि जीव्हीडब्ल्यूआर (सगळं भरून चालणारं कमाल वजन) ७,००० आहे, म्हणजे सामानासाठी १,५५० पौंड उरतात. ट्रक हाफ टन (हलक्या वर्गातला पिकअप) आहे, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो पिवळा-पांढरा स्टिकर असतो त्यावर पेलोड (ट्रकवर माणसं-सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते) १,५२० लिहिलंय. डीलर म्हणतोय टोइंग कपॅसिटी ९,००० च्या वर आहे, आरामात ओढेल, काही बघायची गरज नाही. पण मला हे पटत नाहीये कारण पुढच्या जूनमध्ये आई येतेय आणि पाच जणांनी कोलोरॅडोतल्या ग्रेट सँड ड्यून्सला जायचा बेत आहे. पाणी, गॅस, भांडी, अंथरुणं, सायकली हे सगळं धरून एक कुटुंब साधारण किती वजन घालतं? कोणी खरंच वजनकाट्यावर नेऊन बघितलंय का?

ट्रकवाला_ऑस्टिन
ताई, शंका एकदम बरोबर आहे आणि डीलरच्या त्या ९,००० वर अजिबात जाऊ नका, तो आकडा ट्रक जवळपास रिकामा धरून काढलेला असतो. खरी अडचण ट्रेलरच्या १,५५० मध्ये नाही, ट्रकच्या १,५२० मध्ये आहे, कसं ते सांगतो.

आधी ट्रेलर. पाण्याचं वजन गॅलनला साधारण ८.३ पौंड, तुमची टाकी ४० गॅलनची असेल तर भरल्यावर ३३० च्या वर गेलीच. गीझरमध्ये ६ गॅलन म्हणजे अजून ५०, हे लोक विसरतात. बॅटरी बहुतेक वेळा डीलर नंतर बसवतो, तिचे ५०-५५ धरा. दोन छोट्या सिलिंडरमधला गॅस ४० पौंड (काही कंपन्या ड्राय वेटमध्ये धरतात, काही नाही, विचारून घ्या). मग पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप, जाडजूड पॉवर केबल, लेव्हलिंगचे ठोकळे, चाकांना लावायचे अडथळे, खुर्च्या, बाहेरची चटई, ग्रिल आणि टूलबॉक्स मिळून २००-२५० सहज. चौघांचे कपडे आणि अंथरुणं १८०, स्वयंपाकघर आणि किराणा २००. बेरीज केलीत तर पाणी न भरता ७५० च्या आसपास आणि भरून १,१०० च्या जवळ. म्हणजे ट्रेलर झाला साधारण ६,५००, सायकली वेगळ्या.

आता यातलं १२-१३ टक्के वजन टंगवर म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्यातून ट्रकच्या हिचवर (मागच्या जोडणीवर) बसतं, ते ८०० ते ८५०. त्यात वेट डिस्ट्रिब्युशन हिच (टंगचं वजन बार ताणून पुढच्या ॲक्सलवरही वाटून देणारी जोडणी) स्वतःच ८०-१०० पौंडांचं. तुम्ही चौघं मिळून ५०० धरले (ड्रायव्हर पण पेलोडमध्येच मोजतात) तर झाले साधारण १,४४०. उरले ऐंशी आणि आई अजून बसल्याच नाहीत. शिवाय ट्रकच्या बेडवर कव्हर किंवा मॅट नंतर बसवली असेल तर तेही १,५२० मधूनच वजा होतं.

फीनिक्सची_सुगरण
स्वयंपाकघराचं २०० जरा कमी वाटतंय मला, आपल्या घरात तरी. आमच्याकडे दर ट्रिपला २० पौंडांची कणकेची पिशवी आणि तेवढाच तांदूळ असाच उचलून ठेवला जायचा, त्यात पाच लिटरचा कुकर, बिडाचा तवा, मिक्सर आणि पाण्याच्या बाटल्यांचे केस, एक केस सव्वीसेक पौंड भरतो! आता पाच-पाच पौंडच डब्यात काढून घेते, बाकी वाटेत मिळतं. एक सोप्पी गोष्ट करा, घरीच बाथरूमच्या काट्यावर आधी स्वतः उभ्या राहा, मग एकेक क्रेट हातात घेऊन उभ्या राहा आणि फरक क्रेटवर मार्करने लिहून ठेवा. अंदाज वगैरे लागतच नाही मग. मुलांच्या पुस्तकांचा क्रेट सगळ्यात जड निघतो, बघाच.

नाशिककर_डॅलस
खूप खूप आभार, पेलोडचा हिशोब इतका नीट कुणीच सांगितला नव्हता. मग पाणी तिथे जाऊन भरलं आणि सायकली मागच्या बंपरवर टांगल्या तर टंगचं वजन कमी होईल ना? म्हणजे आईची जागा निघेल.

डेन्व्हरकर
नाही ताई, हे प्लीज करू नका. मागे वजन टांगून टंग हलकं केलं की ट्रेलर डोलायला लागतो आणि ॲमरिलोनंतरच्या त्या मोकळ्या पट्ट्यात आडवा वारा आला की ट्रक सावरणं कठीण जातं. टंग दहा टक्क्यांच्या खाली जाऊच द्यायचं नाही. बऱ्याच ट्रेलरच्या बंपरला सायकल रॅक झेपतही नाही, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये साफ मनाई असते. पाणी तिथे भरलंत तर एकूण वजन ३३० ने कमी होईल हे खरं, पण टंगवरचा फरक टाकी पुढे आहे की ॲक्सलच्या मागे यावर ठरतो, टाकी मागे असेल तर रिकामी केल्यावर टंग उलट वाढतं.

तुमच्या वाटेवर रॅटन पास आहे, ७,८०० फुटांच्या वर, उतारावर ब्रेकचा कस लागतो, त्यामुळे ऐंशी पौंडांच्या हिशोबावर पाच माणसं घेऊन मी तरी निघणार नाही. एकतर ५,००० च्या आतला ट्रेलर बघा किंवा तेवढ्या ट्रिपला थ्री-क्वार्टर टन (एक वर्ग वरचा) ट्रक, भाड्याने घेतलात तर टोइंगची परवानगी आहे का ते आधी विचारा.

आणि डीलरला पैसे देण्याआधी एक करा. तुमचा ट्रक, सगळे घरचे आत बसवून, डिझेल-पेट्रोल जे असेल ते फुल करून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) न्या. ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर उणे हे वजन, एवढंच तुमच्या हातात खरं उरतं. ट्रेलर आल्यावर सगळं भरून दोनदा काटा करा, एकदा जोडलेला पण हिचचे बार सैल सोडून, एकदा ट्रेलर बाजूला उभा करून नुसता ट्रक. दोन्ही वेळच्या ट्रकच्या ॲक्सलांमधला फरक म्हणजे टंग वेट. मग बार ताणून तिसऱ्यांदा न्या आणि पुढच्या ॲक्सलचं उचललं गेलेलं वजन परत खाली आलंय का ते बघा.

नाशिककर_डॅलस
शनिवारी नुसता ट्रक नेते काट्यावर, आईच्या जागी मैत्रिणीला बसवते. आकडे आले की इथेच टाकते, तोपर्यंत डीलरला थांबवलंय. ५,००० च्या आतले बंकहाउस कुणाकडे असतील तर भरल्यावर किती भरले ते सांगा प्लीज.