साडेतीन वर्षांचा मुलगा बोलत नाही, हाकेला वळत नाही : गावात राहून तपासणी आणि उपचार कसे करावेत?

वावर_दारव्हा (प्रश्न)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो आणि पाच एकर कोरडवाहू वावरात कापूस व तूर घेतो. माझा मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. दीड वर्षाचा होईपर्यंत तो ‘आई’, ‘बाबा’, ‘भूर’ असे पाच-सहा शब्द बोलत होता. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत ते एकेक करून गेले आणि आता तो काहीच बोलत नाही. नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही, पण दुसऱ्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत येतो, त्यामुळे त्याला ऐकू येत नसेल असे आम्हाला वाटत नाही. तान्ह्या पोळ्यासाठी आणलेला लाकडी नंदी त्याने एकदाही ओढला नाही. तो नंदी उलटा करतो, एक चाक फिरवतो आणि डोळा अगदी चाकाला लावून तासभर पाहत बसतो. पोळ्याच्या दिवशी डफडे वाजू लागले तेव्हा त्याने दोन्ही कान दाबून धरले आणि घरी आणल्यावरही तो रात्रीपर्यंत रडत होता.

तालुक्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम असू शकतो, शहरात दाखवा, एवढेच सांगितले. शहरातील एका खाजगी केंद्राने पहिल्याच भेटीत स्टेम सेलची (मूळ पेशींची) इंजेक्शने सुचवली आणि जो खर्च सांगितला त्यासाठी मला एक एकर विकावा लागेल. माझी आई म्हणते की हे लसीमुळे झाले, म्हणून ती आठ महिन्यांच्या धाकटीला पुढची लस देऊ देत नाही. शेजारी म्हणतात की सुनेने पोराच्या हाती मोबाइल दिला म्हणून असे झाले. ते ऐकून ऐकून पत्नीने शेजारी जाणेच सोडले आहे. आम्ही नेमके कुठून सुरुवात करावी, आणि वावर विकून तो उपचार करावा का, हे कृपया कोणी जाणकाराने सांगावे.

विशेष_शिक्षिका_अमरावती

दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते : वावर विकू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही विकारांसाठी केले जाणारे प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेल हा रूढ उपचार म्हणून देता येत नाही. इतर ठिकाणी तो केवळ परवानगी घेतलेल्या चाचणीतच वापरता येतो आणि अशा चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कान, वागणूक, वाढ यांपैकी काहीही न तपासता पहिल्याच भेटीत जे केंद्र इंजेक्शनांचा भाव सांगते, तेथे पुन्हा पाऊल ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण लिहिलेल्या खुणा, म्हणजे आलेले शब्द जाणे, हाकेला न वळणे, एकाच वस्तूत गुंतून राहणे आणि मोठा आवाज सहन न होणे, या स्वमग्नतेत, म्हणजेच ऑटिझममध्ये, आढळतात. परंतु निदान मुलाला समोर बसवून आणि आईवडिलांशी सविस्तर बोलूनच होते. त्याआधी कान तपासणे आवश्यक आहे. पुड्याचा आवाज ऐकू येतो याचा अर्थ बोलण्यातील सर्व ध्वनी ऐकू येतात असा होत नाही, कारण काही मुलांना विशिष्ट पट्टीचेच आवाज ऐकू येतात. इतक्या लहान मुलासाठी बेरा नावाची तपासणी असते. त्यात मूल झोपलेले असताना डोक्याला तारा लावून आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजतात आणि त्याला काहीही दुखत नाही.

हे सर्व सरकारी व्यवस्थेत होऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला असून त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. आपल्या अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला भेटून मुलाचे नाव त्या पथकाकडे द्या आणि तेथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी घ्या. लोक त्याला डीईआयसी म्हणतात. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तेथील सेवा विनामूल्य आहे. बालरोगतज्ज्ञ, वाचा उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एकाच जागी असावेत अशी त्यामागील कल्पना आहे; प्रत्यक्षात एखादे पद रिकामे असते, म्हणून फोन करून कोण कोणत्या वारी बसते ते विचारूनच निघावे. पथकाची फेरी दूर असेल तर वाट पाहू नका, सरळ जिल्ह्याला जा.

आता आजीबद्दल. लसीचा संशय 1998 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका लेखामुळे जगभर पसरला. तो लेख नियतकालिकाने 2010 साली मागे घेतला आणि लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात आणि शब्द जाणारी मुले नेमकी त्याच वयात शब्द गमावू लागतात. आजीने या दोन गोष्टी एकापाठोपाठ पाहिल्या, त्यामुळे त्यांचा तसा समज होणे स्वाभाविक आहे आणि त्यांच्याशी भांडून काही मिळणार नाही. परंतु धाकटीची नऊ महिन्यांची लस चुकवू नका, कारण गोवर हा मेंदूला इजा करू शकणारा आजार आहे. भावंडांत स्वमग्नतेची शक्यता इतर मुलांपेक्षा अधिक असते, म्हणून धाकटी नजरेला नजर देते का, बोट दाखवून वस्तू मागते का, याकडेही लक्ष असू द्या.

मोबाइलने स्वमग्नता होत नाही. तो कमी करावा, पण याच कारणासाठी की माणसांशी खेळण्याचा वेळ तो खातो. गेल्या शतकात काही तज्ज्ञांनीही आईच्या कोरडेपणाला दोष दिला होता आणि ते मत केव्हाच मोडीत निघाले. आता ज्ञात आहे ते असे की मेंदूची घडणच वेगळी होते आणि त्यात अनुवंशाचा वाटा मोठा असतो. हे आपल्या पत्नीला आपण स्वतः, शेजाऱ्यांच्या समोर, मोठ्याने सांगावे.

वर्ध्याची_आई

माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. ताईंनी लिहिलेली बेरा आम्ही दोनदा केली, कारण पहिल्या वेळी तो एसटीत दोन तास गाढ झोपला आणि दवाखान्यात पोहोचताच टक्क जागा झाला. दुसऱ्या वेळी मी त्याला पहाटे चारला उठवले आणि संपूर्ण रस्ताभर खिडकीतून बैल, टॉवर, पऱ्हाटी असे काहीबाही दाखवत जागे ठेवले. मी स्वतः मात्र तपासणीच्या खोलीबाहेर बसल्या बसल्या झोपले. सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या एम्ससारख्या ठिकाणी बालरोग, मनोविकार आणि कान-नाक-घसा हे विभाग एकाच आवारात असतात, त्यामुळे जिल्ह्याला काम अडले तर तेथे एकाच फेरीत दोन कामे होऊ शकतात. मूल मधेच एका जागी टक लावून काही क्षण हरवल्यासारखे होत असेल तर त्याचे मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा, कारण या मुलांत फिटचे प्रमाणही अधिक असते.

वाचा उपचार आठवड्यातून एकदा मिळाला तरी भाग्य समजावे. बाकीचे सहा दिवस घरीच असतात. मला शिकवलेली एकच गोष्ट सांगते. नंदी हिसकावून घेऊ नका. त्याच्या शेजारी जमिनीवर बसा, चाक तुम्ही फिरवा, आणि मग चाकावर बोट ठेवून थांबवा. काही बोलू नका, मनात दहा अंक मोजा. त्याने पाहिले, आवाज काढला, हात हलवला, काहीही केले तरी लगेच ‘फिरव’ म्हणून चाक सोडा. जेवतानाही तसेच : एका हातात फल्लीदाणे, दुसऱ्या हातात गूळ धरा आणि त्याला निवडू द्या. आम्ही घरातल्याच गंजाचा (पाण्याच्या भांड्याचा), पाळण्याचा, एसटीचा फोटो काढून तालुक्याला छापून आणला आणि जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर चिकटवला. सहा महिन्यांनी त्याने पाण्याच्या गंजाचा फोटो आणून माझ्या मांडीवर ठेवला. चित्रांनी मागायला शिकवले तर मूल बोलणार नाही, असे आमच्याकडे सगळे म्हणत होते. बोलणे त्यानंतरच आले, फार नाही, पण आले.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, म्हणून मी लिहिते. ही मुले डोळा चुकवून घराबाहेर निघून जातात आणि त्यांपैकी अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते. तुमच्या शिवारात शेततळे असेल तर त्याचा प्लास्टिकचा अस्तर-कागद इतका निसरडा असतो की मोठा माणूसही वर येऊ शकत नाही. विहिरीला जाळी, शेततळ्याला कुंपण आणि दाराला वरच्या बाजूने कडी, ही तीन कामे दवाखान्याच्या आधी करा. फवारणीच्या बाटल्याही घरातून हलवा. माझ्या मुलाला त्यांची झाकणे फिरवायला आवडत असत.

जुना_सदस्य_पुसद

माझा सल्ला थोडा वेगळा आहे. तपासणी अवश्य करावी, पण दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढण्याची घाई करू नये. गावात एकदा शिक्का बसला की शाळेत आणि पुढे सोयरिकीतही तोच पुढे येतो.

विशेष_शिक्षिका_अमरावती

आपली भीती मी समजू शकते, पण सहमत नाही. गावाने शिक्का आधीच मारलेला असतो आणि तो फुकटचा असतो; प्रमाणपत्रामुळे निदान हक्क तरी मिळतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता स्वतंत्रपणे नमूद आहे. जिल्हा रुग्णालयात इसा या 40 मुद्द्यांच्या भारतीय मापनश्रेणीवर गुण देतात; 70 पेक्षा कमी गुण असतील तर स्वमग्नता धरत नाहीत, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम आणि त्यापुढे तीव्र समजतात. अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर करता येतो, आणि लहान वयात दिलेले प्रमाणपत्र बहुधा तात्पुरते असल्यामुळे मूल पुढे सुधारले तर फेरतपासणीत दिव्यांगत्वाची टक्केवारी बदलते. 40 टक्के वा अधिक असल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, एसटीच्या भाड्यात सवलत आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण मिळू शकते, ज्यात थेरपीच्या खर्चाचाही काही भाग परत मिळतो. दर आठवड्याला जिल्ह्याला जाणाऱ्या बापासाठी नुसते एसटीचे भाडेसुद्धा लहान गोष्ट नाही.

वावर_दारव्हा

आपणा सर्वांचे आभार. उत्तरास उशीर झाला, कारण पहिली वेचणी सुरू होती. विहिरीवर जाळी बसवली आणि दाराची कडी वर घेतली. आशाताईंनी चिठ्ठी मिळवून दिली असून येत्या मंगळवारी जिल्ह्याला बोलावले आहे. आई अजून ऐकत नाही, पण नर्सबाई धाकटीला लस द्यायला घरी आल्या तेव्हा ती मागच्या दाराने वावरात निघून गेली. ही तिची परवानगीच समजून आम्ही लस देऊन घेतली.

वर्ध्याच्या ताईंनी सांगितलेला खेळ रोज संध्याकाळी करतो. आठ दिवस त्याने माझ्याकडे पाहिले नाही. काल मी चाक थांबवले, तेव्हा त्याने माझे बोट धरले, उचलले आणि बाजूला केले. चेहऱ्याकडे मात्र पाहिले नाही. जणू बोट ही एखादी कडी आहे. हे लक्षण समजायचे की प्रगती?

वर्ध्याची_आई

दोन्ही. आजपासून बोट थोडे घट्ट ठेवा, आणि चाक तुमच्या चेहऱ्याच्या उंचीवर धरा.