टेनंट एके टेनंट? मग ट्राउटन कोण होता?

अंधारयात्री

'डॉक्टर हू' ही काळात फिरणाऱ्या 'डॉक्टर'ची बीबीसीची मालिका, १९६३ साली सुरू झालेली, मधे बंद पडून २००५ मध्ये नव्याने आलेली. परवा तिच्या गप्पांत कोकणकडा यांनी लिहिलं, "डॉक्टर एकच, डेव्हिड टेनंट. २००५ च्या आधीचं सगळं पुठ्ठा आणि म्हातारे नट, त्यात वेळ घालवू नका." दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

१९६६ साली पहिला डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलची तब्येत ढासळली, संवाद लक्षात राहीनात. मालिका तिथेच आटपायची. तेव्हा डॉक्टरचं शरीरच बदलतं अशी युक्ती निघाली. आज आपल्याला ती इतकी अंगवळणी पडलीय की तेव्हाचा धोका दिसत नाही. कालपर्यंत पांढऱ्या केसांचे तापट आजोबा, आणि आज त्यांच्या जागी विस्कटलेल्या केसांचा, बासरी फुंकत हिंडणारा बुटका माणूस! पॅट्रिक ट्राउटनने हार्टनेलची नक्कल केली असती तर लोकांनी चार आठवड्यांत टीव्ही बंद केला असता. त्याने सगळंच वेगळं केलं, तरी हा तोच डॉक्टर आहे हे पटवलं. तो फसला असता तर पुढे टॉम बेकर नाही, टेनंटही नाही.

'टूम ऑफ द सायबरमेन' (१९६७) बघा. डॉक्टरसोबत फिरणाऱ्या व्हिक्टोरियाचे वडील नुकतेच गेलेत. डॉक्टर तिला स्वतःच्या घरच्यांबद्दल सांगतो, की मनात आणलं तर ते दिसतात, एरवी आत झोपलेले असतात. आवाज चढवणं नाही, डोळ्यांत पाणी नाही. माझे बाबा गेले त्या वर्षी मी हा प्रसंग रात्री लावून बसायचे. मॅट स्मिथनेसुद्धा भूमिका मिळाल्यावर हीच कथा पाहून ट्राउटनकडून शिकल्याचं सांगितलंय.

कोकणकडा

ताई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मुद्दा सोडत नाही. 'मिडनाइट' (२००८) पाहिलंय ना? बंद गाडीत अडकलेली माणसं, आणि डॉक्टरचा आवाजच चोरला जातो. ज्याची सगळी ताकद बडबडीत, त्याची जीभ काढून घेतली. टेनंट तिथे फक्त डोळ्यांनी खेळतो. मी कॉलेजात असताना वसतिगृहात आम्ही नऊ जण एका लॅपटॉपसमोर श्वास रोखून बसलो होतो.

आणि ट्राउटनचं जवळपास निम्मं काम आज बघायलाच मिळत नाही. मग सर्वश्रेष्ठ कशावरून ठरवता? ऐकीव गोष्टींवरून?

जुनीटेप

"बघायला मिळत नाही" असं नका म्हणू. पुसलं गेलं म्हणा! बीबीसीनेच पुसलं. टेप महाग, पुनःप्रक्षेपणावर कलाकार संघटनेच्या करारांची बंधनं, आणि रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल कोण बघणार, असा विचार. १९७८ पर्यंत हे चाललं. ट्राउटनची पहिलीच कथा, 'पॉवर ऑफ द डालेक्स', सहाच्या सहा भाग गेले. आज आवाज तरी आहे तो घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या पोरांमुळे.

शेवंता

कोकणकडा, पुठ्ठा पुठ्ठा काय लावलंय! १९६३ ची पहिली कथा वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केली, जन्म लखनौचा, तेव्हा वय २४. कोंदट स्टुडिओ, तुटपुंजा पैसा. त्यात त्यांनी जे उभं केलं ते अजून अंगावर येतं. आपल्या माणसाचं तरी नाव घ्या.

रेडिंगकर

मुख्य प्रश्नावर येतो. पहिली स्त्री डॉक्टर झालेल्या जोडी व्हिटेकरचं नाव कुणीच घेत नाही. २०१८ मध्ये माझी मुलगी आठ वर्षांची. 'डीमन्स ऑफ द पंजाब' लागलं आणि इंग्लंडमधल्या आमच्या घरात पहिल्यांदा फाळणीवर बोलणं झालं. मुसलमान उंब्रीन आणि हिंदू प्रेम यांचं लग्न लावून देणारी आणि पुढचं सगळं माहीत असून तोंड मिटून निघून जाणारी ती डॉक्टर. मुलीने विचारलं, "बाबा, ती थांबवत का नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

कोकणकडा

तो भाग विनय पटेलने लिहिला म्हणून चांगला. बाकी तिच्या तीन सीझनमध्ये डॉक्टर नुसती माहिती सांगत फिरते.

रेडिंगकर

मग दोष लेखकाचा की नटीचा? टेनंटला चांगलं लिहून मिळालं की श्रेय टेनंटचं, व्हिटेकरला मिळालं की लेखकाचं? असा न्याय मला मान्य नाही.

जुनीटेप

टेपांचा विषय अर्धवट सोडू नका. माझे आजोबा कीर्तनकार. साठच्या दशकात एका संस्थेने त्यांची तीन कीर्तनं स्पूलवर घेतली होती. आई गेल्यावर मी चौकशीला गेलो. कारकून म्हणाला, त्या टेपा पुन्हा वापरल्या, वर कसलंसं उद्घाटनाचं भाषण आहे. घरी आजोबांचा एकही आवाज नाही. लोक "आठवणीवर श्रेष्ठ ठरवता" म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. पुरावा पुसायचा आणि वर पुरावा मागायचा!

सांजवात

मी अशाच एका संग्रहात २२ वर्षं काम केलं. दादा, दुःख कळतं, पण पुसणारा दरवेळी नालायक नसतो. वर्षाला ठरावीक टेपा मिळायच्या. नवं ध्वनिमुद्रण उद्यावर आलेलं, कपाट रिकामं. काय पुसायचं ते मीसुद्धा ठरवलंय. काही नावं आजही आठवतात.

जुनीटेप

म्हणजे तुम्हीच ते!

सांजवात

हो, मीच ते. शिव्या द्यायच्या तर द्या. पण बीबीसीचे भाग परत कुठून आले तेही बघा. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या फिल्म प्रतींतून. 'टूम' हाँगकाँगहून. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोसच्या केंद्रातून आणखी नऊ भाग. तिथल्या कुणीतरी ते डबे फेकले नाहीत. आम्हालाही असा एखादा माणूस हवा होता.

जुनीटेप

जास्त बोललो. पण राग गेलेला नाही.

अंधारयात्री

त्या नऊ भागांमुळेच 'एनिमी ऑफ द वर्ल्ड' पूर्ण झालं. कोकणकडा, हा घ्या तुमचा पुरावा. ट्राउटन त्यात डॉक्टरही आहे आणि सॅलमँडर नावाचा हुकूमशहाही. चेहरा तोच, पण खांदे, बोलणं, बघणं सगळं निराळं. आणि हे वर्षाला चाळीसेक भागांच्या रगाड्यात. टेनंटला वर्षाला तेरा-चौदा भाग असायचे. टेनंट मलाही आवडतो. त्याचा स्वतःचा लाडका डॉक्टर पीटर डेव्हिसन, जुन्यातलाच. पुढे त्याच्याच मुलीशी लग्न केलं त्याने. तो जुन्यांना मान देतो, मग त्याच्या चाहत्यांनी का देऊ नये?

कोकणकडा

काल रात्री 'एनिमी'चे दोन भाग पाहिले. पहिल्या भागात समुद्रात उडी मारताना म्हातारा पोरासारखा खिदळतो, ते आवडलं. सॅलमँडरही जमलाय. "वेळ घालवू नका" हे वाक्य मागे घेतो, तेवढंच. माझा डॉक्टर टेनंटच.

रेडिंगकर

आणि व्हिटेकर?

कोकणकडा

'पंजाब' पुन्हा बघेन. त्यापुढचं वचन देत नाही.

जुनीटेप

सांजवात, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. आजोबांचं नाव आणि साल त्यात आहे. तुमच्या ओळखीत कुणाकडे प्रत असेल तर कळवा.