चीनमधल्या कुलूपवाल्या डोंगरासारखा व्हिडिओ खान्देशात करायचाय, जागा आणि आयडिया सुचवा

खान्देशी_चाकं:

राम राम मंडळी. मी आणि मिसेस मिळून एक छोटं ट्रॅव्हल चॅनल चालवतो, गाव अमळनेरकडचं, व्हिडिओ पण बहुतेक जळगाव-धुळे-नंदुरबार एवढ्यातलेच. आता एक हटके आयडिया डोक्यात बसलीये आणि काही केल्या निघत नाही, म्हणून इथे विचारू राहिलोय.

चीनमध्ये आन्हुई प्रांतात ह्वांगशान नावाचा डोंगर आहे, १९९० पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिथे सरळसोट कड्यावर दगडी पायऱ्या आणि धरायला लोखंडी साखळ्या, आणि त्या साखळ्यांना इतकी कुलपं लटकवलेली की साखळीच दिसत नाही. जोडपं वर जातं, कुलूप घेतं, त्यावर दोघांची नावं कोरून घेतात, कुलूप साखळीला लावतात आणि किल्ली खाली दरीत ढगात फेकून देतात. झालं, आता ते उघडायचं नाही. शीआन शहराजवळ ह्वाशान आहे, २१५४ मीटर, तिथे तर कुलपांसोबत लाल फिती पण बांधतात आणि तिथे नुसती जोडपीच नाही, कुणी आईबापाच्या तब्येतीसाठी लावतं, कुणी मुलाबाळांसाठी. मला हे फार आवडलं, कारण नवस म्हटलं की आपल्याकडे पण हेच, काहीतरी बांधून यायचं.

तर प्लॅन असा की जळगावातून एक चांगलं पितळी कुलूप घ्यायचं, आमची दोघांची नावं टाकायची, बाईकवर शहाद्याहून तोरणमाळ गाठायचं, सीताखाईला जिथे रेलिंग असेल तिथे कुलूप लावायचं आणि किल्ली दरीत. शेवटचा शॉट किल्ली फेकतानाचा. कसं वाटतंय? तोरणमाळपेक्षा भारी जागा असेल तर ती पण सांगा, आणि परवानगी वगैरे लागते का ते पण.

सातपुडा_भटक्या:

भारी शे भो! तोरणमाळ तर करच, त्याला तोड नाही. पाऊस उघडल्यावर, म्हणजे दसऱ्याच्या पुढे जा, सीताखाईचा धबधबा अजून वाहता असतो आणि धुकं सकाळी हटतं तरी. ऐन पावसात गेलास तर कॅमेऱ्यात नुसतं पांढरं येईल, दरी दिसणारच नाही. सात पायरीचा घाट चढताना बाईकवरचे शॉट घे, ती वळणं खालून वर बघताना अंगावर काटा येतो. यशवंत तलावाकाठी मुक्काम कर, रात्रीची थंडी मात्र हलक्यात घेऊ नको, जवळपास साडेअकराशे मीटर उंची आहे.

पण कुलूप नको लावू दादा. मी मनापासून सांगतोय, हे एकदा सुरू झालं की थांबत नाही. पॅरिसला एक पायी पूल आहे, पाँ देझ आर, तिथे पण लोकांनी हेच केलं, किल्ल्या सीन नदीत. २०१४ च्या जूनमध्ये वजनाने कठड्याचा एक भाग तुटून पडला आणि २०१५ ला सगळी कुलपं काढली तेव्हा त्यांचं वजन ४५ टनांच्या आसपास भरलं. रावेरहून दिल्लीला जाणारे केळीचे तीन-चार ट्रक भरतील एवढं लोखंड एका पुलावर! आता तिथे जाळीच ठेवली नाही, काचा बसवल्यात. आपल्या तोरणमाळला रेलिंग किती आणि ते किती मजबूत, तू स्वतः बघून ये. तुझं एक कुलूप काही करणार नाही हे खरं, पण तुझा व्हिडिओ चालला तर मागून पाचशे येतील ना. आणि किल्ली दरीत म्हणजे खाली पाड्यांवरची गुरं चरतात, जंगल आहे ते, आपण फेकायची जागा नाही.

ड्रोन नेणार असशील तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-साइटच्या नकाशावर तिथे उडवायला चालतं का ते बघून घे आणि वनविभागाला विचार, तिथे गेल्यावर वाद नको.

भुसावळची_ताई:

मला तुमच्या आयडियातलं नाव कोरण्याचं जे आहे ना ते सगळ्यात आवडलं आणि तेच आपल्याकडे इतकं भरपूर आहे की कुलूप आणायची गरजच नाही असं मला वाटतं. भांड्यांवरची नावं! लग्नात आलेला प्रत्येक हंडा, कळशी, तांब्या, पातेलं, सगळ्यावर नाव टाकलेलं असतं. कुणाकडून, कुणाला, कधी. भांड्याच्या दुकानात तो माणूस भांडं मांडीवर धरतो आणि मशीन टर्रर्र करत ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं काढतो, पेन्सिलने आधी आखत पण नाही, गोल भांड्यावर ओळ सरळ कशी येते देव जाणे.

आमच्या सासूबाईंकडे एक पितळी डबा आहे, त्यावर त्यांचं माहेरचं नाव आहे. लग्नात त्यांचं नाव बदललं, पूर्वी बदलायचेच, आणि आता त्या नावाने त्यांना हाक मारणारं कुणी राहिलेलं नाही, रेशनकार्डावर नाही, आधारवर नाही, फक्त त्या डब्यावर आहे. मामाने दिलेला डबा, खाली मामाचं गाव. त्या दर दिवाळीला तो चिंच लावून स्वतः घासतात, सुनांना हात लावू देत नाहीत, आणि मी त्याबद्दल त्यांना एकदा पण विचारलं नव्हतं हे तुमची पोस्ट वाचताना लक्षात आलं, काल बसून विचारलं. दोन तास बोलत होत्या.

तर दादा माझं म्हणणं, कुलूप दाखवा पण चीनचं म्हणून दाखवा, त्यांची गोष्ट नीट सांगा, आणि मग आपल्याकडे या. गावोगाव जाऊन म्हाताऱ्या जोडप्यांना त्यांच्या लग्नातलं एक भांडं बाहेर काढायला सांगा आणि त्यावरचं वाचून दाखवायला सांगा. आणि आजोबांना नाव घ्यायला लावा, उखाणा, आजीने घ्यायचा तो सगळेच घेतात. वहिनींना कॅमेऱ्यामागे ठेवू नका हो, बायका त्यांच्याशीच बोलतील, तुमच्याशी नाही.

खान्देशी_चाकं:

ताई काय सांगितलंत! मिसेसला वाचून दाखवलं, ती लगेच फडताळ उघडून बसली. तिच्या हंड्यावर तिच्या मावशीचं नाव निघालं. म्हणजे आता असं करू का, की आम्ही दोघं एक नवीन तांब्या घेऊ, त्यावर दोघांची नावं टाकू, आणि तो घेऊन फिरू. तोरणमाळला कुठे काही लटकवायचं नाही, तांब्या परत घरी. पण तांब्या घ्यायचा कुठून? जळगावला तर सगळं स्टीलच दिसतं.

मुंबई_आग्रा_रोडवाला:

सोनगीर! धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की हायवेलाच लागतं, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुनं नावाजलेलं गाव, वर किल्ला पण आहे, तो पण होऊन जाईल. मी त्याच भागातला, लहानपणापासून ठोक्यांचा आवाज ऐकतोय.

शूट करायचं तर ठोकणं नीट समजून घे. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की तो कडक होत जातो, मग अजून ठोकला तर चिरेल, म्हणून भट्टीत लाल करून परत मऊ करायचा, परत ठोकायचा, असं फिरून फिरून. शेवटी जे बारीक बारीक ठोके दिसतात अंगावर, ते नुसते शोभेचे नसतात, त्याने पण भांड्याला कडकपणा येतो. मशीनच्या भांड्याला पण हल्ली नकली ठोके पाडतात, हातात घेतलं की कळतं, हातचे ठोके एकसारखे कधीच नसतात.

दोन गोष्टी सांगतो. माईक ऐरणीजवळ ठेवू नको, आवाज फाटेल, थोडा लांब ठेव आणि बोलणं काम थांबल्यावर घे. आणि कारागिराचा वेळ घेतोस तर वस्तू त्याच्याकडूनच घे, घासाघीस न करता, नुसता व्हिडिओ काढून निघून जाणारे खूप येतात. नाव मशीनने टाकायचं की छिन्नीने हाताने, ते पण विचार. हाताने टाकणारा कुणी मिळाला तर सोडू नको, तोच तुझा मेन शॉट.

अक्राणीचा_पोर:

तोरणमाळ आमच्याकडचं, या, स्वागत आहे. एकच कळकळीने सांगतो. असे प्रेमाबिमाचे व्हिडिओ करणारे लोक होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारात घुसतात आणि 'इथे मुलं-मुली पळून जाऊन लग्न करतात' असं टायटल टाकून आमच्या बहिणींचे चेहरे दाखवतात. तो होळीचा बाजार असतो, घरचं सामान घ्यायचं, ढोल वाजवायचे, नातेवाईक भेटतात. आम्ही किती वर्षं हे सांगतोय. तुमच्या व्हिडिओत ते आणू नका, कुणी कमेंटमध्ये सुचवलं तरी नको. पाड्यावर कुणा जोडप्याशी बोलायचं असेल तर आधी कॅमेरा पिशवीत ठेवून बसा, चहा घ्या, मग विचारा. नाही म्हणाले तर नाही.

खान्देशी_चाकं:

दादा शब्द देतो, भोंगऱ्याचं अजिबात येणार नाही. आणि पाड्यावर तुम्ही सांगितलं तसंच जाऊ.

रूट आता साधारण असा धरलाय, आधी सोनगीर, तांब्या तिथे, मग शिरपूर-शहादा करत तोरणमाळ, येताना प्रकाशा, आणि शेवट दुसऱ्या टोकाला चांगदेवला, तापी-पूर्णेचा संगम. दोन नद्या एक होतात तिथे तांब्या भरायचा, मिसेसची आयडिया आहे ही. मधल्या गावांतून जुनी भांडी.

चोपड्याची_मोहिनी:

चांगदेवला जाच, पण महाशिवरात्रीच्या यात्रेत नका जाऊ, गर्दीत काही बोलता येणार नाही, एरवी सकाळी ते दगडी देऊळ जवळजवळ रिकामं असतं. खाली हतनूर धरणाचं पाणी तटलेलं असतं, त्यामुळे काठ कुठे चिखलाचा कुठे पक्का ते स्थानिकांना विचारूनच उतरा, फोटोसाठी पुढे पुढे जाऊ नका.

आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पण एक भाग कराच हो! सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले, गाणी चालू, तेव्हा बायका ज्या मोकळेपणाने बोलतात तशा वर्षभरात बोलत नाहीत. उन्हाने जीव जातो त्या दिवसांत, पण सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी होऊ शकतं.

वरणगावकर_काका:

आमच्याकडे या. वडिलांच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळं आहे, नाव आहे पण घासून घासून बोटाला पण लागत नाही आता. समोरून लाइट टाकला तर काही दिसणार नाही. खोलीत अंधार करा आणि टॉर्च भांड्याला टेकवून अगदी आडवा मारा, ठिपक्यांच्या सावल्या पडतात आणि अक्षरं लागतात. मी आमच्या आत्याचं नाव असंच वाचलं. येण्याआधी इथेच मेसेज टाका, घंगाळं माळ्यावर आहे, काढून ठेवतो.