पळसाला पानं तीनच, मग क्लोव्हरला चार कशी?

तगर | १५ जून, रात्री ११:१०

जाणकारांनी मदत करा, घरात वाद पेटलाय.

आम्ही डब्लिनच्या दक्षिणेला एका वसाहतीत राहतो. घरांच्या रांगेसमोर सगळ्यांची मिळून एक हिरवळ आहे. अधूनमधून गवत कापायचं यंत्र फिरतं, एरवी तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्यात निम्मं गवत आणि निम्मं पांढरं क्लोव्हर. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, मेथीसारखी तीन-तीन पानं, पण जरा गोलसर. प्रत्येकावर खडूनं काढल्यासारखी फिकट कमान आणि वर पांढऱ्या फुलांचे गोंडे.

काल दुपारी लेक (वय ९) चार पानांचं क्लोव्हर शोधायला बसली. इकडे ते सापडणं शुभ मानतात, हे ठाऊक असेलच. अर्ध्या तासात तिला सात सापडली! आणि सातही आमच्या कणकेच्या परातीखाली झाकली जातील एवढ्याशा जागेत. मग तिच्या तिघी मैत्रिणी उरलेल्या हिरवळीवर संध्याकाळपर्यंत रांगत होत्या, त्यांना एकही नाही.

आमच्या ह्यांचं म्हणणं, योगायोग. नाणंसुद्धा कधीतरी लागोपाठ सात वेळा छापा पडतंच. मला ते पटेना. मी भरतकामाची दहा इंची रिंग गवतावर टाकून आतली पानं मोजली. पहिल्यांदा १३२, दुसऱ्यांदा १४७, तिसऱ्यांदा पाऊस आला. जालावर दहा हजारांत एक असा आकडा सगळीकडे फिरतो. युरोपात काही जणांनी पन्नास लाखांवर पानं मोजली तेव्हा साधारण पाच हजारांत एक निघालं, असंही वाचलं. पाच हजार धरले तरी माझ्या हिशेबानं पस्तीसेक रिंगांमागे एक यायला हवं, म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत एक. परातीएवढ्या जागेत सात?

तर प्रश्न असा की चौथं पान येतं कशानं? माती, खत, की आणखी काही? शेजारच्यांचा कुत्रा नेमका त्याच कोपऱ्यात पाय वर करतो, त्याचा तर काही संबंध नाही ना? लेकीचा प्रश्न वेगळाच आहे: "आई, मी लकी आहे की ते झाड लकी आहे?"

खडूस | १५ जून, रात्री ११:३२

लॉटरीचं तिकीट काढा. आणि कुत्र्याला अर्धे द्या. (हलके घ्या.)

कुंडीवाली | १६ जून, सकाळी ७:०५

आधी ते क्लोव्हरच आहे ना, एवढं बघून घ्या. आपल्याकडे कुंड्यांत आपोआप उगवते ती आंबुशी, तिलाही तीन पानं असतात आणि बरेच जण तिलाच क्लोव्हर समजतात. आंबुशीचं प्रत्येक पान बदामाच्या आकाराचं, मधोमध खाच असलेलं. चावून बघा, आंबट लागलं तर आंबुशी. आणि नर्सरीत 'लकी क्लोव्हर' म्हणून चार पानांची कुंडी विकतात ना, तीही मेक्सिकोकडची आंबुशीच. तिला कायमच चार पानं, त्यात नशीब कसलं! मी हौसेनं आणलेली, म्हणून सांगतेय.

तगर | १६ जून, दुपारी २:४८

चावून पाहिलं. आंबट अजिबात नाही, कच्च्या वाटाण्याच्या सालासारखं लागतं. खाच नाही, कमान आहे. क्लोव्हरच.

निवृत्त मास्तर | १६ जून, रात्री ९:२०

तगरताई, रिंग टाकून मोजलंत हे फार आवडलं. एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण न सांगता मोजायला बसणारे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

प्रथम मास्तरकी करून घेतो. ती चार पानं नव्हेत, ते एकच पान. देठ एक म्हणजे पान एक, वर असतात त्या पर्णिका. बेलाचं त्रिदळ हेही एकच पान. आपल्या म्हणीतल्या पळसाचंही तेच, आणि पळस तर क्लोव्हरच्याच कुळातला, वाल-मटकीच्या. तेव्हा प्रश्न असा विचारू की तीनवर थांबणारं पान चारपर्यंत का गेलं?

पर्णिका किती, हे पान उमलताना ठरत नाही. खोडाच्या शेंड्यावर ते सुईच्या टोकाहून लहान फुगवटा असतं, तेव्हाच ठरून जातं. फुगवट्याच्या दोन बगलांना दोन उंचवटे येतात, मधला शेंडा तिसरा. मग काठ थंडावतो आणि आणखी उंचवटा येऊ देत नाही. हे थंडावणंच महत्त्वाचं. लसूणघासाची एक जवळची नातेवाईक आहे, मेडिकॅगो ट्रंकॅट्युला, प्रयोगशाळेत शेंगावर्गीयांच्या अभ्यासाला वापरतात. तिच्यात २०१० मध्ये संशोधकांनी हा लगाम धरणारा एक जनुक दाखवून दिला. काठाला 'फुटत राहा' म्हणणारा एक जनुक असतो, त्याला हा दाबून ठेवतो. लगाम तुटला की तिनाऐवजी पाच पर्णिका. तुमच्या क्लोव्हरमध्ये बिघाड नेमका तिथेच आहे असं मी म्हणणार नाही, पण थांबायला उशीर होतो म्हणजे काय, याची त्यावरून कल्पना येते.

पांढऱ्या क्लोव्हरबद्दल पक्कं सांगता येईल ते असं. त्याच २०१० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या मंडळींनी या गुणाची गुणसूत्रावरची जागा हुडकली. गुण अप्रभावी आहे. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून तीच प्रत आली तरच दिसतो. आणि आला तरी रोज दिसेल असं नाही. ऋतुमान आणि तापमान यांप्रमाणे त्याच रोपावर कधी चारची पानं भरपूर, तर कधी सगळी तीनचीच. म्हणून एखादं चार पर्णिकांचं रोप वर्षभर साळसूदपणे तीनची पानं काढत बसलेलं असू शकतं आणि आपण त्याच्यावरून चालत जातो.

आता तुमची परात. पांढरं क्लोव्हर जमिनीलगत धावत्या खोडानं पसरतं. पेरापेराला मुळं धरतं, जुना भाग कुजतो, पुढचा धावत राहतो. तुम्हाला दहा रोपं वाटतात ते मुळात एकाच बियाचं एकच झाड असू शकतं. सात पानं बहुधा त्या एकाचीच. पाच हजारांत एक ही सरासरी झाली. सरासरी काढताना ज्यांच्यात हा गुण नावालाही नाही, अशी रोपंही धरलेली असतात. नाण्याचं गणित इथे लागू पडत नाही, कारण तुमच्या ह्यांनी सात वेगवेगळी नाणी उडवलेली नाहीत. घरी तसं सांगू नका, जेवणाचे वांधे होतील.

कुत्रा जवळजवळ निर्दोष. 'जवळजवळ' यासाठी की ह्यूगो द व्रीस नावाचा डच वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेला. १९०० साली मेंडेलचे आनुवंशिकतेचे विसरलेले नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक. त्यानं लाल क्लोव्हरची चार पर्णिकांची रोपं रानातून आणून निवड करत करत पाच पर्णिकांचा वाण तयार केला होता. त्याचं निरीक्षण असं की रोप चांगलं पोसलेलं असेल तर जास्तीच्या पर्णिका अधिक येतात. पण मुळात रक्तात नसेल तर कितीही पोसा, काही उपयोग नाही. शिवाय क्लोव्हरच्या मुळांवर गाठी असतात, हवेतला नत्र त्यांतल्या जिवाणूंमुळे घरबसल्या मिळतो. कुत्र्याच्या उपकाराची त्याला गरज नाही.

द व्रीसची एक युक्ती मला फार आवडते. क्लोव्हरच्या रोपाला बीजदलांनंतर येणारं पहिलं पान एकेरी असतं, एकाच पर्णिकेचं. त्याच्या वाणातल्या काही रोपांत ते पहिलंच पान तीन पर्णिकांचं निघे. तो तेवढीच रोपं ठेवायचा. पुढे काय होणार ते बाळपणातच ओळखायचं. मूल पाळण्यात बघावं, तसं.

अवांतर: श्रावणात आमची आई चार दळांचं बेलपान निघालं की वेगळं काढून ठेवायची आणि पिंडीवर सगळ्यांत शेवटी वाहायची. बेल लिंबाच्या कुळातला, क्लोव्हरशी त्याचं काही नातं नाही. पण तीनवर थांबताना चुकणारे सगळीकडे आहेत आणि त्यांना जपून ठेवणारेही.

वाळव्याचा दूधवाला | १७ जून, पहाटे ५:१५

सर, धार काढून आलो आणि वाचलं. आमच्याकडे अर्धा एकर लसूणघास आहे, राहुरी कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ वाण. रोज कापतो, पण पानं मोजायची कधी बुद्धी झाली नाही. परदेशात जास्त पानांच्या घासाचे वाण विकतात, असं एका मेळाव्यात ऐकलेलं. पान जास्त म्हणजे प्रथिनं जास्त, असा हिशेब. खरं आहे का?

ताई, एक सांगतो. तिकडे कोणाची गाय त्या हिरवळीवर सोडायची असेल तर उपाशीपोटी सोडू नका म्हणावं. कोवळा घास काय, क्लोव्हर काय, भसाभसा खाल्लं की पोट फुगतं. माझी एक कालवड तशीच गेली. रात्री दोन वाजता डाव्या भकाळीत हवा भरून नगाऱ्यासारखी झालेली, डॉक्टर येईपर्यंत संपलं.

निवृत्त मास्तर | १७ जून, सकाळी १०:००

वाण आहेत हे खरं. पण प्रथिनं पर्णिका मोजून ठरत नाहीत. खोडाच्या मानानं पाला किती वजनाचा आणि घास कोणत्या अवस्थेत कापला, यावर बरंच ठरतं. तीनच्या जागी पाच पर्णिका आल्या आणि प्रत्येक लहान निघाली तर हातात काय पडलं? तुम्ही फुलोरा सुरू होता होता कापताय ना, तेच चालू ठेवा.

कालवडीचं वाचून वाईट वाटलं.

इनामदारीण | १७ जून, दुपारी १२:३०

मास्तर, तुमच्यामुळे आज भाजी उशिरा झाली. मेथीच्या दोन जुड्या निवडताना एकेक पान बघत बसले. चारचं एकही नाही. पण गॅलरीत ट्रेमध्ये मेथी पेरली होती, तिच्यात तुमचं ते एकेरी पान अगदी तस्संच दिसलं! आधी दोन जाडसर, मग एक एकटंच गोल पान, मग तीन-तीन. इतकी वर्षं मेथी पेरतेय, कधी लक्षच गेलं नव्हतं.

तगर | ३ ऑगस्ट, रात्री १०:१५

उशीर झाला, माफ करा. सर, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी जुनी टूथपिकं घेऊन गवतात बसलो. चारच्या पानाच्या देठावरून बोट खाली नेलं की धावतं खोड लागतं, बुटाच्या नाडीएवढं जाड. जिथे जिथे चारचं पान, तिथे टूथपिक रोवलं. पाच टूथपिकं एकाच खोडावर आली. उरलेल्या दोन पानांचा माग गवताच्या मुळांत हरवला. आता 'हे' म्हणतात, मला आधीपासून तसंच वाटत होतं.

मुळं धरलेले दोन तुकडे कापून कुंडीत लावले आहेत. बी पण गोळा करायचं का? आणि पलीकडच्या आजींनी वेगळाच मुद्दा काढला. त्या अस्सल इथल्या. म्हणाल्या, शॅमरॉक (आयर्लंडचं चिन्ह असलेलं क्लोव्हरचं पान) तीनच पानांचा, चौथं आलं की त्याला शॅमरॉक म्हणायचं नाही. सेंट पॅट्रिक या इथल्या संतानं तीन पानांवरून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा समजावले अशी कथा आहे ना, त्यात चौथ्याला जागा नाही. मार्चमध्ये त्याच्या सणाला कोटाला लावतात तो शॅमरॉक तरी कोणता, यावरही इथे वाद होता म्हणे. १८९३ मध्ये कोल्गन नावाच्या गृहस्थानं गावोगावच्या लोकांकडून त्यांचा त्यांचा 'खरा' शॅमरॉक मागवला आणि फुलं येईपर्यंत वाढवला. सर्वांत जास्त निघालं ते बारीक पिवळ्या फुलांचं क्लोव्हर, आमचं हे पांढरं दुसऱ्या नंबरवर.

निवृत्त मास्तर | ४ ऑगस्ट, सकाळी ८:४०

टूथपिकांची कल्पना झकास. बी गोळा करा, पण आशा ठेवू नका. पांढरं क्लोव्हर सहसा स्वतःच्या परागानं बी धरत नाही. मधमाशी शेजारच्या झाडाचा पराग आणते आणि तो शेजारी बहुधा निखळ तीनचा असतो. अप्रभावी गुण पोरांत लपून बसतो. कुंडीतले तुकडे मात्र त्याच झाडाचे, त्यांचं रक्त बदलत नाही. जपानमध्ये इवाते प्रांतातले शिगेओ ओबारा घरच्या बागेतच क्लोव्हरचे संकर करत राहिले आणि २००९ साली त्यांच्याकडे एका देठावर ५६ पर्णिकांचं पान आलं. तेव्हाचा जागतिक विक्रम तो. लेकीला सांगा.

कुंडीतलं नवं पान आलं की तारीख आणि पर्णिका लिहून ठेवा. तीनची पानंसुद्धा लिहायची, तीच लोक विसरतात.

तगर | २१ सप्टेंबर, रात्री ९:५०

५६ सांगायला नको होतं. आता तिला चार म्हणजे काहीच वाटत नाही.

वही फ्रिजवर चिकटवली आहे. ऑगस्ट अखेरपर्यंत ३८ पानं, त्यात चारची ६ आणि पाचचं १. सप्टेंबरमध्ये हवा गार झाली तशी ११ पानं, सगळी तीनची. लेक म्हणते, झाड रुसलं. मी तिला तुमचं ऋतुमानाचं वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. शेवटचं पान तिनं तीन वेळा मोजलं आणि वहीत तीनच लिहिलं, रडवेल्या अक्षरात. तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिनंच काढलंय: झाड लकी आहे आणि ते मला सापडलं.

वाळव्याचा दूधवाला | २२ सप्टेंबर, पहाटे ५:२०

ताई, काल घासात मलाही घावलं, पाच पानांचं. कडेला जपून ठेवलं आणि मोबाइल आणायला घरात गेलो. परत येतोय तर म्हैस रवंथ करत उभी.

खडूस | २२ सप्टेंबर, सकाळी ९:०२

आज दूध मोजून बघा.