डॉक्टरऐवजी मशीनने एक्सरे वाचला तर चालेल का तुम्हाला?

हापूसवाला (देवगड): परवा शाळेत टीबीचं शिबिर होतं. हातात धरायचं एक्सरे यंत्र आणि लॅपटॉपवर एआय सॉफ्टवेअरचा मिनिटाभरात निकाल, शंका असेल तिथे तांबडा डाग. आईचा खोकला दोन महिने हटत नव्हता, तिलाही डाग आला. ती म्हणते, ‘डॉक्टर खंय आसा? ह्या पेटयेक काय कळता?’ अहो, १५ वर्षांवरच्यांच्या टीबी तपासणीत माणसाऐवजी सॉफ्टवेअरने एक्सरे वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच हरकत नाही म्हटलंय. आमच्या फिल्मचा रिपोर्ट यायला एरवी चार दिवस लागतात.

काजूबाग (दोडामार्ग): आईचं बरोबर आहे. २०१६ मध्ये आमच्याकडे गोचीड चावून होणारा माकडताप आला. गेल्या काजूच्या हंगामात मला ताप भरला, भाच्याने मोबाइलवर लक्षणं टाकली, उत्तर आलं डेंग्यू. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, ‘बागेत मेलेलं माकड दिसलं काय? गोचीड चावली?’ हे त्या मोबाइलने विचारलं नाही.

हापूसवाला: डॉक्टर होते म्हणून विचारलं ना! नसते तर? आणि मोबाइलवरचं ॲप वेगळं, एक्सरे वाचणारं वेगळं. एका दावणीला बांधू नका.

डार्करूम (रत्नागिरी): मी वीस वर्षं एक्सरे काढतोय. एका बाईच्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला मशीनने डाग दाखवला. बघतो तर वेणी खांद्यावरून पुढे आलेली! मागे टाकायला लावून पुन्हा काढला, साफ. उलटही झालंय. बरगडीआडची बारीक सावली मी सोडली होती, मशीनने धरली. आणि डाग आला म्हणून कोणी गोळ्या सुरू करत नाही, पुढे बेडका तपासतात. आईंना हे कोणी सांगितलं का?

काजूबाग: आणि डाग आलाच नाही, पण टीबी असला तर? जाब कोणाला विचारायचा, लॅपटॉपला?

डार्करूम: खोकला हटत नसेल तर डाग नसला तरी बेडका द्यायचाच. पण जबाबदारीचं म्हणाल, तर त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही.

हापूसवाला: नाही, आईला कोणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही. तसं अमेरिकेतही प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात ६० टक्के लोक म्हणाले होते, आपला डॉक्टर एआयवर विसंबला तर अवघडल्यासारखं होईल. म्हणजे आमची म्हातारी एकटी नाही. काल बेडका दिला. निकाल मात्र तिला नेहमीच्या डॉक्टरांच्याच तोंडून हवाय.