लिनक्स्युलेटर: /डेव्ह/एफडी/६३ सापडत नाही, शिवाय टूल सुरू व्हायलाच खूप वेळ

रिकामा_स्टॅक:
फ्रीबीएसडी १४ आहे, त्यावर लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायला लिनक्स्युलेटर (फ्रीबीएसडीचा लिनक्स सुसंगतता लेयर) वापरतोय, /कॉम्पॅट/उबुंटू मध्ये डीबूटस्ट्रॅपने उबुंटूचं युजरलँड टाकलंय, क्रूट करून (त्या फोल्डरलाच रूट मानून) आत गेलं की साध्या कमांडी मस्त चालतात. पण एक जुनं टूल आहे, सोर्स नाही नुसती लिनक्स बायनरी, आणि ते सुरू करणारी बॅश स्क्रिप्ट लगेच '/डेव्ह/एफडी/६३: नो सच फाईल ऑर डिरेक्टरी' म्हणून मरते. ती ओळ काढून टेंपररी फाईल वापरली तर टूल सुरू होतं, पण आधी बराच वेळ एक कोर १०० टक्के खात बसतं, आउटपुट काहीच नाही, आणि एकदाचं चालू झालं की /प्रोक/सेल्फ/एफडी मध्ये काहीतरी शोधायला जातं आणि तिथे आपटतं. जिथे बघावं तिथे 'युलिमिट (एका प्रोसेसला किती फाइल्स उघडता येतात ती मर्यादा) वाढवा' लिहिलंय, वाढवलं, काडीचा फरक नाही. लिनप्रॉकएफएस (लिनक्ससारखं /प्रोक दाखवणारी फाईल सिस्टीम) माउंट आहे. अजून काय बघू?

तिसरा_पाईप:
युलिमिटचा इथे काही संबंधच नाही, फाइल्स जास्त झाल्या असत्या तर 'टू मेनी ओपन फाइल्स' आलं असतं. तुझ्याकडे फाईल डिस्क्रिप्टर (एफडी, उघड्या फाईलचा नंबर) आहे, फक्त त्याला नावाने हाक मारायची सोय नाही. फ्रीबीएसडीचं साधं डेव्हएफएस /डेव्ह/एफडी मध्ये ०, १, २ एवढेच दाखवतं, बाकीचे हवे असतील तर एफडेस्कएफएस वेगळं माउंट करावं लागतं. बॅश प्रोसेस सब्स्टिट्यूशनला (एका कमांडचं आउटपुट दुसरीला फाईलसारखं देणं) ६३ पासून खाली नंबर घेतं, म्हणून तुला नेमका ६३ दिसतोय. आणि लिनप्रॉकएफएस मधलं /प्रोक/सेल्फ/एफडी हे शेवटी /डेव्ह/एफडी कडेच बोट दाखवतं, त्यामुळे दोन्ही रडगाणी एकच आहेत.

क्रूटच्या आतल्या /डेव्ह/एफडी वर एफडेस्कएफएस माउंट कर. बाहेरच्या /डेव्ह/एफडी वर असून उपयोग नाही, आतला प्रोग्रॅम तिकडे बघतच नाही.

बंद_करा_सगळं:
वरचं बरोबर आहे पण सुरुवातीचा वेळ हे वेगळं दुखणं आहे. ट्रस (प्रोग्रॅमचे सिस्टीम कॉल दाखवणारी कमांड) लावून बघा, माझी पैज की क्लोज, क्लोज, क्लोज अशी रांग दिसेल आणि प्रत्येकाला 'बॅड फाईल डिस्क्रिप्टर'. जुने लिनक्स प्रोग्रॅम चाइल्ड प्रोसेस सुरू करण्याआधी ३ पासून लिमिटपर्यंत सगळे एफडी आंधळेपणाने बंद करत सुटतात. लिनक्सवर सॉफ्ट लिमिट बहुतेक ठिकाणी १०२४, म्हणून तिथे कोणाला कळतही नाही. फ्रीबीएसडीवर हे लिमिट रॅम बघून ठरतं आणि आरामात लाखांत जातं, म्हणजे तेवढे सिस्टीम कॉल नुसते हवेत. लिनक्समध्ये यासाठी, म्हणजे एका कॉलमध्ये सगळे बंद करायला, क्लोज_रेंज आला तो ५.९ मध्ये, २०२० साली, जुन्या बायनरीला तो माहीतच नाही.

तेव्हा वाढवायचं नाही, कमी करायचं. स्क्रिप्टच्या वरच युलिमिटने १०२४ करा आणि मग टूल चालवा. सिलेक्ट (अनेक एफडींवर एकदम वाट बघणारा जुना कॉल) वापरणारं जुनं कोड असेल तर तसंही १०२४ च्या वरचा एफडी त्याला झेपत नाही, तोही फायदा.

रिकामा_स्टॅक:
१०२४ केल्यावर लगेच सुरू झालं, ट्रसमध्ये खरंच क्लोजची रांग होती!! एफडेस्कएफएस माउंट केल्यावर बॅशचं रडणंही थांबलं. पण टूल अजून /प्रोक/सेल्फ/एफडी/५ वर रीडलिंक करतं आणि 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' येतं. शिवाय रीबूटनंतर माउंट गायब, एफएसटॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं त्याची यादी) ओळ टाकली आहे तरी.

तिसरा_पाईप:
एफडेस्कएफएस माउंट करताना 'लिनआरडीएलएनके' ऑप्शन राहिलाय. तो नसेल तर /डेव्ह/एफडी मधली नावं सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी) नसतात, आणि जी सिमलिंकच नाही ती रीडलिंकने वाचणार कशी. लिनक्सवर त्या सिमलिंक असतात आणि अर्धे प्रोग्रॅम तेच गृहीत धरतात.

माउंट गायब होत नसणार, झाकलं जात असणार. एफएसटॅबमध्ये आतल्या /डेव्ह साठी डेव्हएफएसची ओळ आधी आणि एफडेस्कएफएसची नंतर हवी, उलट झालं की डेव्हएफएस वरून बसतं आणि खालचं दिसत नाही. दोन्हीला 'लेट' पण लाव.

रिकामा_स्टॅक:
क्रम उलटाच होता, आता नीट आहे, रीडलिंक पण चालतंय. शेवटचं एकच, टूल फोरग्राउंडला व्यवस्थित चालतं, त्याच्या डेमन ऑप्शनने बॅकग्राउंडला टाकलं की प्रोसेस दिसते पण कनेक्शन घेत नाही.

बंद_करा_सगळं:
हे जरा किचकट. लिनक्स्युलेटरमध्ये ईपोल (लिनक्सची अनेक कनेक्शनांवर वाट बघायची सोय) हे आतून केक्यूवर (फ्रीबीएसडीची तशीच सोय) उभं आहे. लिनक्सवर ईपोलचा एफडी फोर्कनंतर (प्रोसेसची प्रत बनवल्यावर) चाइल्डकडे जातो, केक्यू मात्र चाइल्डला मिळत नाही. तुमचं टूल बहुधा आधी ईपोल बनवतं आणि नंतर फोर्क करतं, पेरेंट संपतो, आणि चाइल्ड नसलेल्या एफडीवर वाट बघत बसतो. ट्रस फोर्कसकट चालवा, चाइल्डमध्ये ईपोल_वेट 'बॅड फाईल डिस्क्रिप्टर' देत असेल तर नक्की हेच. प्रोकस्टॅटने (प्रोसेसची माहिती दाखवणारी फ्रीबीएसडीची कमांड) चाइल्डचे एफडी बघा, केक्यू 'के' अक्षराने दिसतो, तो तिथे नसेल. आतून /प्रोक मध्ये दुसऱ्या प्रोसेसचे एफडी शोधू नका, ते फक्त सेल्फपुरतं धड चालतं, प्रोकस्टॅट बाहेरूनच चालवा.

बायनरी बदलता येत नाही म्हटल्यावर तिला फोर्क करूच देऊ नका. फोरग्राउंडलाच चालवा आणि बॅकग्राउंडला टाकायचं काम फ्रीबीएसडीच्या डेमन कमांडकडे द्या, ती बाहेरून क्रूटसकट सगळं उचलते.

एकदिशा:
विषयांतर, पण लिनक्स्युलेटरसारखा लेयर आपण स्वतः लिहायला गेलो तर काय होईल त्याची गंमत: लिनक्सचा ओ_अपेंड (फाईलच्या शेवटी लिही) हेक्स ४०० आणि फ्रीबीएसडीचा ओ_ट्रंक (फाईल रिकामी कर) पण हेक्स ४००. फ्लॅग न बदलता तसाच पुढे ढकलला तर लॉगच्या शेवटी लिहायला गेलेला प्रोग्रॅम आख्खा लॉगच साफ करेल. एररचंही तसंच, ईअगेन (पुन्हा प्रयत्न कर) लिनक्सवर ११ आणि इकडे ३५, आणि इकडे ११ म्हणजे डेडलॉक. लिनक्स्युलेटर हे सगळं गुपचूप बदलून देतो म्हणून आपल्याला जाणवत नाही.

रिकामा_स्टॅक:
चाइल्डमध्ये 'के' नव्हताच. डेमन कमांडने चालू केलं, कनेक्शन घेतंय. १०२४ ची ओळ पण त्याच स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये हलवली.