कमेंटमधल्या लिंकवरचं नोफॉलो काढलं तर वाचक जास्त लिहायला लागतील का?

कोरीपाटी
नमस्कार मंडळी, माझा विणकामावर मराठी ब्लॉग आहे, स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस टाकून चालवते. वाचायला लोक येतात, बराच वेळ थांबतात पण, आकडे दिसतात ना मागे, पण नेहमीचे सातआठ जण सोडले तर कमेंट जवळपास शून्य. आता कुठेतरी वाचलं की वर्डप्रेस कमेंट करणाऱ्याच्या वेबसाइटच्या लिंकला आपोआप नोफॉलो लावतं, म्हणजे ही लिंक आमची शिफारस समजू नका असं सर्च इंजिनला सांगणारी खूण, त्यामुळे त्याला गूगलमध्ये काही फायदा होत नाही, आणि ते काढून डूफॉलो केलं की इतर ब्लॉगवाले आवर्जून येऊन लिहितात. कल्पना मला मनापासून आवडली, कारण जो माणूस वेळ काढून लिहितो त्याला आपणही काहीतरी द्यावं असं वाटतं. पण स्पॅमची भीती आहे आणि गूगल आपल्यालाच शिक्षा करेल का हेही कळत नाही. कोणी केलंय का असं? करावं का?

जुनंखोड
ताई, ही कल्पना जुनी आहे आणि त्यामागची भावना चांगलीच होती. नोफॉलो आलं जानेवारी २००५ मध्ये, गूगलने आणलं आणि याहू, एमएसएन पण सोबत होते, कारण तेव्हा कमेंटच्या खोक्यात औषधं आणि जुगाराच्या लिंक्सचा नुसता पूर आला होता. वर्डप्रेसने १.५ पासून ते कमेंटना आपोआप लावायला सुरुवात केली. मग पुढच्या एकदोन वर्षांत बऱ्याच ब्लॉगवाल्यांना वाटलं की स्पॅमवाल्यांच्या पापाची शिक्षा आपल्या चांगल्या वाचकांना का, म्हणून त्यांनी नोफॉलो काढून टाकलं आणि साइटवर तसा बिल्लाही लावला, तुम्ही कमेंट करा आम्ही फॉलो करतो अशा अर्थाचा. त्यातून खरंच ओळखी झाल्या, गप्पा रंगल्या. मी त्या काळात भरपूर वाचायचो आणि ते वातावरण आजही हवंहवंसं वाटतं. माझं मत, कराच. स्पॅम अडवायला अकिस्मेट हा प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम, आहे.

ओळीमधलं
जुनंखोड, भावनेशी सहमत पण पुढचं राहिलं की. त्या बिल्ल्यांच्या ब्लॉगच्या याद्या निघाल्या, डूफॉलो ब्लॉग लिस्ट म्हणून फिरायला लागल्या, आणि मग यायचे ते लेख न वाचता "छान माहिती, धन्यवाद" लिहून नावाच्या जागी "स्वस्त वेब डिझाइन" टाकणारे. अकिस्मेट रोबोट पकडतं हो, पण हाताने बसून गोड गोड लिहिणारा माणूस त्यातून बऱ्याचदा सुटतो, आणि खरा त्रास त्याचाच.

कोरीपाटी, एक गोष्ट कोणी सांगत नाही. डूफॉलो नावाची काही खूण नसतेच, नोफॉलो नसलं की लिंक आपोआप साधी लिंक होते, बस. आणि नावावरची लिंक वर्डप्रेस पान दाखवताना बनवतं, त्यामुळे प्लगिन टाकून नोफॉलो काढलंत की आजवरच्या सगळ्या जुन्या कमेंट करणाऱ्यांच्या नावांवरूनही ते एका झटक्यात निघतं. त्यातल्या एखाद्याने मधल्या काळात डोमेन सोडून दिलं असेल आणि ते कुणा जुगारवाल्याने उचललं असेल तर तुमचा ब्लॉग आता त्याची शिफारस करतोय, तुम्हाला पत्ताही नाही.

शिक्षेचं विचाराल तर साध्या लिंका ठेवल्या म्हणून कोणी शिक्षा करत नाही. पण कमेंटमध्ये स्पॅम साचू दिला तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल साइटच्या मालकाला जिथे सूचना देतं तिथे, "वापरकर्त्यांनी टाकलेला स्पॅम" म्हणून कारवाई येऊ शकते, ती खरी आहे.

कोरीपाटी
बापरे जुन्या डोमेनचं डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे मग सरसकट नको. पण जे सातआठ जण खरंच नेहमी येतात, टाके चुकलेले दाखवून देतात, त्यांच्यासाठी काहीच करता येत नाही का?

दिवेलागण
येतं की, आणि त्याला गूगलचीही ना नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांनी नोफॉलोच्या जोडीला दोन नवीन खुणा आणल्या, पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी स्पॉन्सर्ड आणि वाचकांनी टाकलेल्यासाठी यूजीसी. तेव्हाच सांगितलं की यापुढे या सगळ्या खुणा आम्ही हुकूम म्हणून न घेता इशारा म्हणून घेऊ. वर्डप्रेस ५.३ पासून कमेंटच्या लिंकवर नोफॉलो आणि यूजीसी दोन्ही असतात. आणि गूगलच्याच मार्गदर्शनात लिहिलंय की जे सदस्य बराच काळ सातत्याने चांगलं लिहितात त्यांच्या लिंकवरून ही खूण काढून त्यांचा मान राखता येतो. म्हणजे तुमच्या मनातलंच, फक्त दार सगळ्यांना उघडं नाही, ओळख पटल्यावर.

करायचं कसं, तर नोफॉलो एकेका कमेंटवर हाताने काढता येईल किंवा ठरावीक संख्येच्या मंजूर कमेंटनंतर आपोआप निघेल असा प्लगिन शोधा, पण तो सध्याच्या वर्डप्रेसवर चालतो का आणि अलीकडे अपडेट झालाय का ते आधी बघा, या प्रकारातले बरेच जुने सोडून दिलेले आहेत. डिस्कशनच्या सेटिंगमध्ये "आधी एक कमेंट मंजूर झालेली असावी" हे चालू ठेवा. दोन किंवा जास्त लिंका असतील तर कमेंट अडवून धरायचं तिथे मुळातच असतं, ते बदलू नका. आणि महिन्यातून एकदा मान दिलेल्यांच्या लिंका उघडून बघा, सातआठच आहेत म्हणताय.

पण ताई मनापासून सांगते, फायदा लिंकच्या खुणेत कमी आणि माणसांच्या येण्यात जास्त आहे. नोफॉलो असलं तरी लिंक क्लिक होतेच ना, वाचणारी बाई नावावर टिचकी मारून त्या दुसऱ्या ब्लॉगवर जाते, त्याला गूगलची परवानगी लागत नाही. त्यामुळे कुणी चूक दाखवली तर ती लेखात दुरुस्त करून तिथेच त्यांचं नाव आणि त्यांच्या ब्लॉगची लिंक द्या, ती तुम्ही स्वतः लिहिलेल्या मजकुरातली लिंक, तिला वर्डप्रेस नोफॉलो लावत नाही, आणि त्या माणसाला जो आनंद होतो तो वेगळाच.

जुनंखोड
दिवेलागण यांचं पटलं, लेखात नाव देणं हे कमेंटच्या लिंकपेक्षा कितीतरी मोठं. माझं "कराच" मागे घेतो, ओळखीच्यांपुरतं करा. आणि उत्तर आल्याचा ईमेल जायची सोय आहे का बघा ताई, वर्डप्रेसमध्ये वाचकासाठी ती मुळात नसते, वेगळा प्लगिन लागतो. विचारून गेलेल्याला उत्तर आलंय हेच कळत नसेल तर तो परत येणार कसा.

कोरीपाटी
ती सोय नाहीये, आत्ताच बघितलं! म्हणजे मी इतकी लांबलचक उत्तरं लिहिते ती कुणाला कळतच नाहीत. आधी तो प्लगिन टाकते, मग सातआठ जणांची यादी. आणि टाके दुरुस्त करून दिलेल्या दोघींची नावं आज रात्रीच लेखात घालते. खूप आभार सगळ्यांचे.